घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं: तालुक्यात मोहीम कशी उभी करायची

महिला हक्कांसाठी प्रचार आणि पाठपुरावा करणाऱ्या गटांच्या फायली उघडल्या की रॅलीचे फोटो, भित्तिपत्रकं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं भरपूर सापडतात. त्या वर्षात कुणाच्या कागदावर काय बदललं, हे मात्र शोधावं लागतं. म्हणून या लेखात एकच मागणी घेतली आहे: गावातल्या घराच्या ग्रामपंचायत उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव. ती मिळवायची तर संदेश कसा लिहायचा, कुणाशी बोलायचं, पत्रकारांना काय द्यायचं आणि कुठे गाडी अडते, ते क्रमाने पाहू. मागणी दुसरी असली तरी कामाची पद्धत बरीचशी हीच राहते.

ही मागणी निवडण्याचं कारण साधं आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असं ग्रामविकास विभागाचं परिपत्रक २००३ पासून आहे. शेतजमिनीसाठी लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्याने तहसीलदाराकडे अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. कागद तयार आहे, अंमल अर्धवट आहे. अशा ठिकाणी प्रचाराचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

आधी कागद ओळखा

मोहिमेतली पहिली चूक इथेच होते. ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. तिच्यातून घराचा उतारा मिळतो. तलाठ्याकडचा ‘८-अ’ हा शेतजमिनीचा खाते उतारा. दोन्हींना लोक ‘आठचा उतारा’ म्हणतात. पत्रकावर नुसतं ‘आठचा उतारा आणा’ छापलं तर निम्मी माणसं चुकीचा कागद घेऊन शिबिराला येतात आणि पुन्हा येत नाहीत. सगळीकडे ‘घराचा उतारा (ग्रामपंचायत)’ असंच छापा.

दुसरी गोष्ट रकान्यांची. नमुना ८ मध्ये मालकाच्या नावाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा, म्हणजे घराचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्याचा, वेगळा. ‘नाव लावलं’ म्हणून हातात आलेल्या उताऱ्यावर बायकोचं नाव पुष्कळदा भोगवट्याच्या रकान्यात असतं आणि मालक म्हणून एकटा नवरा. उतारा हातात घेतला की आधी रकाना पाहायचा, मग नावाचं शुद्धलेखन. ही सवय प्रत्येक कार्यकर्तीला लावा.

तिसरी गोष्ट खरं बोलण्याची. नमुना ८ हा कराचा दस्त आहे, मालकी हक्काचा अंतिम पुरावा नाही. ‘नाव लावा, घर तुमचं झालं’ अशी घोषणा दिली की एखादा वकील किंवा जाणकार भाऊबंद भर सभेत ती खोडून काढतो आणि मोहिमेचा शब्द पडतो. जे खरं आहे तेही पुरेसं वजनदार आहे. नाव असलं की बायकोला अंधारात ठेवून घराचा व्यवहार करणं अवघड होतं. नवऱ्याच्या माघारी तिला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होताना चौकशीच्या वेळी तिच्या बाजूने दाखवायला कागद असतो. आणि उताऱ्यावर नाव असो वा नसो, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ च्या कलम १७ प्रमाणे तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. नाव नाही म्हणून हक्कच नाही, असा उलटा निरोप पत्रकातून जाऊ देऊ नका.

मोजणी: एक दिवस, एक वही

मागणी आकड्याने सुरू करा. ग्रामसेवकाशी बरं असेल तर नोंदवही पाहायला मिळते. (२०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. अर्जावर तसं लिहा, बोलताना लोक ग्रामसेवकच म्हणतात.) दोघींनी बसायचं: एकीने नावं वाचायची, दुसरीने पाच रकान्यांत रेघा मारायच्या. फक्त पुरुष, दोघं, फक्त स्त्री, मयत व्यक्तीच्या नावावर, इतर. ‘मयत’ हा रकाना विसरू नका. पुढची सगळ्यांत किचकट कामं त्यातूनच निघतात.

वही पाहू दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. अर्ज नाकारायला कारण मिळू नये म्हणून तो इतकाच ठेवा:

‘मौजे ____ ग्रामपंचायतीच्या चालू नमुना ८ नोंदवहीनुसार (१) एकूण घरांची संख्या, (२) पती-पत्नी या दोघांची नावे मालक रकान्यात असलेल्या घरांची संख्या, (३) केवळ स्त्रीचे नाव मालक रकान्यात असलेल्या घरांची संख्या. संख्या तयार नसल्यास नोंदवहीची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. पाहणी आधीच मागितली असली की ते उत्तर पुरत नाही. ३० दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं स्टॅम्प.

संदेश कुणासाठी?

संयुक्त नोंदीच्या अर्जावर सही नवऱ्याची लागते. तरी अशा मोहिमांचं जवळजवळ सगळं साहित्य बायकांना उद्देशून असतं: ‘ताई, आपला हक्क ओळखा’. ताईंना तो ठाऊक असतो. घरात विषय काढायची सोय त्यांना नसते. म्हणून मुख्य संदेश पुरुषासाठी लिहा, आणि त्यात एकच कृती ठेवा.

‘स्त्री-पुरुष समानता हीच काळाची गरज’ या ओळीने कुणी उठून ग्रामपंचायतीत जात नाही. ‘घरपट्टी भरायला जाल तेव्हा बायकोचं आधार कार्ड सोबत न्या. उताऱ्यावर दोघांची नावं लावून घ्या.’ यात वेळ, कागद, जागा आणि काम, चारही आहे.

शब्द निवडताना एक पथ्य पाळा. बायकोचं नाव लावणं ही ‘भेट’, ‘भाऊबीज’ किंवा ‘मोठेपणा’ म्हणून मांडू नका. तशा मांडणीला टाळ्या मिळतात, पण भेट देणारा ती परतही घेऊ शकतो. शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मी मुक्तीचं अभियान चालवलं. शेतात आयुष्यभर राबलेल्या घरच्या लक्ष्मीचं देणं फेडा, अशी त्याची मांडणी होती. शंभर जणांनी बायकोच्या नावे जमीन केली की त्या गावाचा जाहीर सत्कार, ही त्याची जोड. मागणी देणं फेडण्याची, आणि फेडणाऱ्याला चारचौघांत मान. हे सूत्र आजही लागू पडतं.

आक्षेप ठरलेले असतात. त्यांची उत्तरं आधीच पाठ हवीत, कारण सभेत विचार करायला वेळ मिळत नाही.

‘उद्या भांडण झालं तर अर्धं घर घेऊन जाईल.’ उत्तर: नोंदीने घराची वाटणी होत नाही. तुम्ही नसताना तिला आणि लेकरांना कुणी घराबाहेर काढू नये, एवढ्यासाठी ही नोंद. माघारीचा विचार पुरुषांना पटकन भिडतो.

‘घर वडिलांच्या नावावर आहे.’ वडील हयात असतील तर त्यांच्याबरोबर आईचं नाव लावा. मोहीम सुनेपुरती नाही. वडील वारले असतील तर आधी वारस नोंद, आणि त्यात आई व बहिणींची नावंही आली पाहिजेत. इथे कार्यकर्त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. सुनेचं नाव लावण्याच्या घाईत बहिणींची ‘राजीखुशीने’ सोडपत्रं (हक्क सोडल्याचे कागद) झाली, तर एका बाईचं नाव चढताना दुसऱ्या तिघींचं उतरलं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, केंद्राने २००५ मध्ये. ही वर्षं बोलणाऱ्याच्या जिभेवर हवीत.

‘भावाभावांत वाटणी झालेली नाही.’ अशी घरं वेगळ्या यादीत टाका. भाऊबंदकीच्या वादात मोहीम ओढली गेली की गावात दोन तट पडतात.

साहित्य थोडं, पण नेमकं

हजार-दीड हजार वस्तीच्या गावाला ए-थ्री आकाराची पंधरा भित्तिपत्रकं पुरतात. ती लावायच्या जागा आधी ठरवा: ग्रामपंचायतीची घरपट्टीची खिडकी, रेशन दुकान, दूध संकलन केंद्र, सलून, पिठाची गिरणी, एसटीचा थांबा. दूध केंद्र आणि सलून यादीत मुद्दाम आहेत, पुरुष तिथे थांबून वाचतात. मोठा फ्लेक्स टाळलेला बरा. त्यावर सरपंचांचा, सदस्यांचा, पुढाऱ्यांचा फोटो येतो आणि दुसऱ्या दिवसापासून मोहीम एका पार्टीची होते.

भित्तिपत्रकापेक्षा जास्त काम चिठ्ठी करते. पोस्टकार्डाएवढा कागद, एका बाजूला संदेश आणि दुसऱ्या बाजूला ‘काय आणायचं’ याची यादी: दोघांच्या आधार कार्डाची प्रत, घरपट्टीची अलीकडची पावती, घराचा सध्याचा उतारा, लग्नाचा दाखला किंवा दोघांची नावं असलेलं रेशन कार्ड. कोणत्या ग्रामपंचायतीत कोणते कागद मागतात ते आधी विचारून मगच छापा. गावोगाव थोडा फरक असतो. चिठ्ठी बचत गटाच्या मासिक बैठकीतून घरात गेली की ती डब्यात जपून राहते. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) समुदाय संसाधन व्यक्ती, आशा, अंगणवाडी सेविका या तुमच्या खऱ्या प्रचारक आहेत. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर असतो, तेव्हा त्यांच्याकडून वेगळी फेरी मागू नका. त्यांच्या ठरलेल्या बैठकीतली दहा मिनिटं मागा.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी लिखित मजकुरापेक्षा ध्वनिफीत बरी. साठ ते नव्वद सेकंद, त्याच भागातल्या बोलीत, एक बाई आणि एक पुरुष यांचा संवाद. पुरुषाचा आवाज गावातल्या मान असलेल्या माणसाचा असला, की चर्चा विषयावर होते. पहिल्या पाच सेकंदांत गावाचं नाव आणि शिबिराची तारीख सांगा. पुढचं ऐकलं नाही तरी तेवढं पोचतं.

वेळापत्रक

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात, आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. ही महिला सभा पुष्कळ गावांत कागदावरच होते. ती प्रत्यक्ष घडवून आणणं हाच मोहिमेचा पहिला सार्वजनिक कार्यक्रम करा. तिथला ठराव ग्रामसभेपुढे जातो. ठराव तुम्हीच लिहून न्या, नाहीतर ‘महिला सक्षमीकरणावर चर्चा झाली’ एवढंच इतिवृत्तात येतं. त्यात तीन गोष्टी हव्यात: गावातल्या सर्व घरांच्या नोंदी दोघांच्या नावे करण्यात येतील, त्यासाठी अमुक तारखेला शिबिर घेण्यात येईल, आणि एकल व विधवा महिलांच्या वारस नोंदी त्याच शिबिरात घेण्यात येतील.

एका गावाच्या ठरावाला किती वजन येऊ शकतं, हे हेरवाडने दाखवलं आहे. शिरोळ तालुक्यातल्या या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव ४ मे २०२२ रोजी केला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव छोटा होता, भाषा स्पष्ट होती आणि कोणत्या प्रथा बंद करायच्या ते त्यात नावानिशी होतं. पत्रकारांना बातमी द्यायला आणि मंत्रालयाला परिपत्रक काढायला तयार मजकूरच मिळाला.

१५ ऑगस्टच्या सुमारास ठराव आणि सप्टेंबरात शिबिर, हा क्रम सोयीचा पडतो. जून-जुलैत पेरणी. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्यांच्या वाटेला लागतात; ज्या घरांना नोंदीची गरज जास्त, तीच घरं कुलूपबंद. फेरआकारणीचं वर्ष असेल तर सोन्याहून पिवळं. घरांची आकारणी दर चार वर्षांनी होते, त्या वेळी सगळी नोंदवहीच नव्याने लिहिली जाते.

शिबिराचा दिवस

चार टेबलं मांडा. पहिल्यावर कागद तपासणी, दुसऱ्यावर अर्ज भरणं, तिसऱ्यावर झेरॉक्स, चौथ्यावर ग्रामपंचायतीचा माणूस जो अर्ज घेऊन तारीख-शिक्क्यासह पोच देतो. चौथं टेबल नक्की होत नसेल तर शिबिर पुढे ढकला. पोच नसलेले अर्ज गठ्ठ्यात हरवतात आणि त्याचा दोष तुमच्यावर येतो.

अडचणी कुठे येतात? थकीत घरपट्टी ही पहिली. ‘आधी बाकी भरा’ असं उत्तर हमखास मिळतं, म्हणून थकबाकीदारांची यादी आठवडाभर आधी घ्या आणि हप्त्याने भरण्याची मुभा मासिक सभेतून मंजूर करून ठेवा. दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं. अशा बाईचा अर्ज परत पाठवू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वयंघोषणापत्र अर्जाला जोडा. तिसरी अडचण गायरानावरच्या किंवा अतिक्रमित घरांची. तिथे कराची नोंद असली तरी जागेचा प्रश्न निराळा आहे. खोटी आशा न दाखवता त्यांचे अर्ज वेगळे ठेवा.

शिबिरात एक कोपरा आडोशाचा हवा, तिथे एक अनुभवी कार्यकर्ती दिवसभर बसलेली. नाव लावण्याचा विषय निघाला म्हणून घरात मारहाण झाली, असं सांगणारी बाई येते. तिच्यासमोर ‘तुम्ही आग्रह धरा’ म्हणणं धोक्याचं आहे. संरक्षण अधिकारी, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, १८१ आणि ११२ हे क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठी घरी सापडली तर काय, हे तिलाच विचारा. नको म्हणाली तर तिच्या विश्वासातल्या मैत्रिणीच्या फोनमध्ये नोंदवा.

पत्रकारांना काय द्यायचं

तालुक्याच्या वार्ताहराला बातमी दुपारी तीनच्या आत मिळाली पाहिजे. अडीचशे शब्द पुरेत. पहिल्याच वाक्यात आकडा: ‘____ गावातील ____ पैकी ____ घरांच्या उताऱ्यावर आता पती-पत्नी दोघांची नावे लागली आहेत.’ प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, सूत्रसंचालन आणि आभार वगळा; ते छापून आलं तर बातमीत उताऱ्याला जागा उरत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून वर्डच्या फाईलमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्या संगणकावर अगम्य चिन्हांत उमटतो, आणि पीडीएफमधून मराठी उचलताना जोडाक्षरं फुटतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे त्याचा दर्जा उतरत नाही. ‘डावीकडून’ अशी ओळ लिहून नावं द्या.

८ मार्चला बातमी देण्याचा हट्ट सोडा. त्या दिवशी पानं सत्कार आणि जाहिरातींनी भरलेली असतात. ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी किंवा ३ जानेवारीच्या, म्हणजे सावित्रीबाई फुले जयंतीच्या, आधीच्या आठवड्यात जागा मिळते.

फोटोत बाई उतारा हातात धरून उभी असते. तो कागद नीट दिसला तर घर क्रमांक, पूर्ण नाव, थकबाकी, सगळं जगजाहीर होतं. कागद थोडा तिरका धरायला सांगा किंवा छापण्याआधी तपशील झाका. संमती तीन वेगळ्या प्रश्नांत घ्या: फोटो चालेल का, नाव चालेल का, गावाचं नाव चालेल का. एका सहीत तिन्ही गुंडाळलं की बाई ‘हो’ म्हणते आणि घरी गेल्यावर अडचणीत येते. संमती मागे घ्यायला फोन कुणाला करायचा, ते तिच्याकडच्या प्रतीवर लिहा.

हिंसेचा विषय असेल तर नियम आणखी कडक. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. अत्याचार लहान मुलावर झाला असेल तर पोक्सोचं (बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३. कामाच्या ठिकाणच्या छळाच्या तक्रारीबद्दल २०१३ च्या कायद्याचं कलम १६. नाव बदललं की झालं, ही समजूत चुकीची. ‘अमुक वाडीतली तीस वर्षांची अंगणवाडी सेविका, दोन मुलींची आई’ एवढ्यावर पंचक्रोशी तिला ओळखते. वाडी काढा, किंवा व्यवसाय काढा. दोन्ही ठेवू नका.

वरच्या पातळीवर

पाच-सहा गावांची मोजणी हातात आली की गटविकास अधिकाऱ्यांना भेटा. सोबत एकच पान न्या: वर तक्ता, मध्ये २००३ च्या परिपत्रकाचा संदर्भ, खाली एकच मागणी, ‘तालुक्यातील सर्व ग्रामपंचायतींनी संयुक्त नोंदींचा अहवाल दर तिमाहीस पंचायत समितीला द्यावा’. आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. महिनाभरात हालचाल नसेल तर तेच पान जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, आधीच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून. अर्ज अडवून धरलेल्या एखाद्या बाईची वैयक्तिक तक्रार असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातला महिला लोकशाही दिन, महिन्याचा तिसरा सोमवार.

आमदारांकडे जाताना भाषणाचा मसुदा नको, प्रश्नाचा मसुदा न्या. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावा लागतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरतं, म्हणजे ऑक्टोबरातच भेट घ्या. प्रश्न ‘शासन काय करत आहे’ असा मोघम असला तर ‘कार्यवाही सुरू आहे’ हेच उत्तर येतं. ‘जिल्ह्यातील एकूण घरांपैकी किती घरांची नोंद संयुक्त आहे, आणि नसल्यास ती कधीपर्यंत होईल’ असं विचारलं की खालच्या प्रत्येक कार्यालयाला वही उघडावी लागते. उत्तर काहीही येवो, ती वही उघडली जाणं हेच अर्धं काम.

शिबिरानंतरचे सहा आठवडे

अर्ज मासिक सभेपुढे जातो, ठराव होतो, नोंद होते, मग नवा उतारा निघतो. ‘तीनशे अर्ज भरले’ अशी बातमी शिबिराच्या दुसऱ्या दिवशी देऊन टाकली तर पुढे विचारायला कुणी उरत नाही. प्रत्येक वस्तीतल्या एकीकडे अर्जदारांची यादी द्या आणि तिने तीनच खुणा करायच्या: ठराव झाला, उतारा मिळाला, रकाना तपासला. तिसरी खूण नसेल तोवर तो अर्ज मोजायचा नाही.

यादीत एकल महिलांचं पान वेगळं ठेवा. ‘पती-पत्नी’ या शब्दांवर बेतलेली मोहीम विधवा, परित्यक्ता आणि अविवाहित बायकांना आपोआप बाहेर टाकते. त्यांच्या वारस नोंदीला कागद जास्त लागतात, सासरचे हरकत घेतात, वेळही दुप्पट जातो. म्हणून त्यांचे अर्ज सर्वांत आधी, मोहिमेचा जोर असताना आणि ग्रामपंचायतीचं लक्ष असताना पुढे सरकवा. जोडप्यांचे अर्ज मागून येऊ शकतात.